ॲसिडाचं सोवळं

नोकरीला लागून आठवडा व्हायच्या आत माझी एक साडी गेली. चोरीला नाही, धुलाईत. सुती, निळ्या काठांची, आईने खास नोकरीसाठी घेतलेली. वर्कशॉपमधल्या बॅटरीच्या खोलीत मी जेमतेम दहा मिनिटं उभी राहिले होते. कुठे भाजलं नाही, डाग दिसला नाही. मामीने साडी भिजवून पिळली आणि दोरीवर टाकली, तर निऱ्यांच्या जागी चाळण झालेली. मामी साडीच्या भोकातून माझ्याकडे बघत म्हणाली, "कोणाकडेन झगडून आयलें गो?"

भांडण अजून व्हायचं होतं.

गोवा मुक्त झाला त्या वर्षी मी पेडण्यात पहिलीत होते. पुढे पणजीला रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाले आणि खाणीच्या एका कंपनीत केमिस्ट म्हणून लागले. राहायला डिचोलीत मामाकडे. सकाळी खनिजाचे नमुने तपासायचे आणि दुपारी वर्कशॉपमधल्या ॲसिडावर देखरेख करायची, असं माझं काम. वर्कशॉप सुर्ल्याच्या वाटेवर होतं. खनिज वाहणारे टिपर तिथे दुरुस्तीला यायचे, आणि टिपर म्हटला की बॅटरी आली, बॅटरी म्हटली की ॲसिड आलं.

हे ॲसिड यायचं गराफांवातून. गराफांव म्हणजे वेत गुंफलेला, पोटाने फुगीर असा काचेचा मोठा बाटला. आमच्याकडे त्यात फेणी भरून ठेवतात. वर्कशॉपमध्ये बरोबर तसल्याच बाटल्यांतून तीव्र सल्फ्युरिक ॲसिड यायचं, रंगानेही पाण्यासारखं. मी पहिल्याच दिवशी सगळ्या बाटल्यांवर लाल रंगाने कवट्या काढल्या. कामगारांनी त्या कौतुकाने बघितल्या. एकाने विचारलं, "ह्यो फोटो कोणाचो?"

बॅटरीच्या त्या खोलीचा राजा होता मेस्त. मेस्त म्हणजे मिस्त्री, कारागीर. पोर्तुगीज गेले तरी हा शब्द इथेच राहिला. मेस्त मूळचा सावंतवाडीकडचा, पण मुळगावात घर करून त्याला इतकी वर्षं झाली होती की तो दोन्हीकडचा झाला होता. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटक, आणि कान असे की चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांचे बुडबुडे नुसते ऐकून कुठला खण मेलाय ते सांगायचा. मी काचेच्या नळीने ॲसिडाची ग्रॅव्हिटी, म्हणजे घनता, मोजून बघायचे आणि दर वेळी मेस्तचंच खरं निघायचं. याचा मला आधी राग आला. नंतर आदर वाटायला लागला, पण तो मी बराच काळ दाखवला नाही.

कारण बाकी सगळ्या बाबतीत हा माणूस अशक्य होता. कंपनीने दिलेले गमबूट त्याने शेतात चिखलणीला नेले होते. रबरी एप्रन घरी गोठ्याच्या भोकावर बांधला होता. रबरी हातमोज्यांविषयी विचारलं तर म्हणाला, "बायलेक दिलंय. फणस कापूक बरे. चीक लागना नाय." आणि स्वतः मात्र उघड्या हातांनी, धोतर वर खोचून ॲसिड ओतायचा. मी नियम सांगायला लागले की तो अतिशय प्रेमाने ऐकायचा आणि म्हणायचा, "बाय, तू शिकलंलस. माका ह्या ॲसिडान वळाखल्यान."

खरा धक्का पुढे बसला. खंडेनवमी तीन आठवड्यांवर आली होती. वर्कशॉपमध्ये त्या दिवशी पाने, जॅक, टिपर, सगळ्यांची पूजा व्हायची, ते मला ठाऊक होतं. पण बॅटरीच्या खोलीतल्या पूजेचं मला कोणी सांगितलं नव्हतं. मेस्तनेच एकदा रंगात येऊन सांगितलं. उंबऱ्यावर नारळ फोडायचा. शिशाच्या वाटीत ॲसिड घ्यायचं. त्यात नारळाचं पाणी थोडं थोडं वरून ओतायचं. मग ते ॲसिड "चर्र" करून ओरडतं. जितकं मोठ्याने ओरडेल तितकं वर्ष चांगलं.

"गेल्या वर्सा असो आवाज इलो," तो डोळे मोठे करून म्हणाला, "की भायल्या माणसांनी ऐकलो. आणि हय बग." त्याने कपाळ पुढे केलं. उजव्या भुवईच्या वर तांबूस डाग होता, टिकलीएवढा. "देवीन टिळो लायल्यान."

मी त्या डागाकडे बघत राहिले. तो डोळ्यापासून बोटभर अंतरावर होता.

तीव्र ॲसिडात पाणी पडलं की पाणी वरच राहतं, क्षणात उकळतं आणि ॲसिडाचे थेंब घेऊन उडतं. हे मी कॉलेजात पहिल्या वर्षी शिकले होते. मेस्तला मी ते हातवारे करून, ओरडून सांगितलं. पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडात पाणी कधीही नाही. तो हसला. "भातार आमटी घाल नायतर आमटीत भात घाल, पोटात एकच." आजूबाजूचे सगळे हसले. मला हसण्याचा राग येतो, तेव्हा तर फारच यायचा. मी तिरमिरीत जाऊन मॅनेजरसाहेबांना इंग्रजीत पानभर रिपोर्ट लिहून दिला.

साहेब घाटावरचे होते, शिस्तीचे, कमी बोलणारे. त्यांनी रिपोर्ट वाचला, माझं अभिनंदन केलं आणि तिथल्या तिथे हुकूम सोडला. दसऱ्यानंतर मेस्तला बॅटरीच्या खोलीतून काढून खनिज धुण्याच्या प्लांटवर पाठवायचं.

मी हे मागितलं नव्हतं. मला फक्त तो नारळ थांबवायचा होता. संध्याकाळी मेस्त खोलीच्या पायरीवर बसलेला दिसला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "धुवण्यार साठ माणसां चिखलात उबी आसतत, बाय. थय माका कोण वळाखता?" त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मामीला वाटलं, मासळीत मीठ जास्त पडलं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि स्वतःच्याच रिपोर्टाविरुद्ध बोलले. असला माणूस दुसरा मिळणार नाही, त्याला शिकवते, म्हटलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "ठीक आहे. खंडेनवमीला मी स्वतः येईन. त्यांनी माझ्यासमोर ॲसिड नियमाप्रमाणे हाताळून दाखवावं, आणि तुम्ही केमिस्ट म्हणून पूर्ण वेळ त्यांच्या बाजूला उभ्या असायला हव्यात. एक चूक दिसली तर प्लांट." म्हणजे मेस्तची खोली त्या एका सकाळवर टांगली गेली आणि दोरी माझ्या हातात आली.

मी तक्ते केले, चित्रं काढली, एका कागदावर नियम मराठीत लिहून भिंतीला चिकटवले. मेस्तला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं, त्याने पाठ केलं, आणि हाताला सवय जुनी ती जुनीच. गप्पा मारता मारता पाण्याचा मग त्याच्या हातात यायचा आणि तो ॲसिडाच्या बरणीवर धरायचा. मी किंचाळायचे. तो दचकायचा. असे दहा दिवस गेले.

मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो आपल्या व्रताचं सांगायला लागला. मेस्त शिरगावच्या लईराई देवीचा धोंड होता. धोंड म्हणजे जत्रेच्या आधी कितीतरी दिवस व्रताने राहून, होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालणारे भक्त. व्रतात ते घराबाहेर मांडव घालून राहतात, तळीवर, म्हणजे देवळाजवळच्या तळ्यावर, आंघोळ करतात, आपलं अन्न आपण शिजवतात आणि कोणाचाही स्पर्श होऊ देत नाहीत. मेस्त सांगत होता की त्याचं सोवळं इतकं कडक की घरातलं मांजरदेखील मांडवाकडे फिरकत नाही.

सोवळं हा शब्द मला मुळीच आवडायचा नाही. महिन्याचे चार दिवस मामीकडे मी मागच्या पडवीत बसायचे, ताट वेगळं, चटई वेगळी, आणि हे सगळं त्याच शब्दाच्या नावाने. पणजीत शिकून आले तरी त्या पडवीपुढे माझं काही चाललं नव्हतं. त्यामुळे मी जरा चिडूनच विचारलं, "मेस्त, व्रतात तुमच्या भांड्यात कोणी वरून पाणी ओतलं तर?"

"कोणाची छाती आसा!"

"आणि आंघोळीला तुम्ही तळीत उतरता, की तळी उचलून तुमच्यावर ओततात?"

तो हसायला लागला. "तळी कोण उचलतलो, गो? धोंडच उतरता. पायरेपायरेन."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मग हे ॲसिड पण धोंड आहे, मेस्त. सोवळ्यात आहे. त्याच्यावर वरून कोणी पाणी ओतायचं नाही, उघड्या हाताने शिवायचं नाही. तळी खाली भरून ठेवायची, आणि त्याने हळूहळू पायरीपायरीने तळीत उतरायचं."

मेस्त हातातला घास तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने घास ताटात ठेवला, उठला, खोलीत गेला आणि गराफांवासमोर उभा राहिला. बाहेर येऊन म्हणाला, "ह्या तू आधी सांगूचा नाय?"

त्या दिवसापासून सगळं उलटं झालं. खोलीला सोवळं आलं. मेस्तने उंबऱ्यावर पांढरी रेघ मारली आणि रेघेच्या आत कोणाला येऊ देईना. चिनी मातीची मोठी बरणी आधी डिस्टिल पाण्याने भरायची आणि मगच ॲसिडाला हात लावायचा. तिला तो "तळी" म्हणायला लागला. गराफांवाला सगळे "धोंड" म्हणायला लागले. गमबूट शेतातून परत आले, एप्रन गोठ्यावरून उतरला. हातमोजे फणसाच्या चिकाने इतके माखलेले होते की मी स्टोअरमधून नवे आणून दिले. अंगावर शिंतोडा उडाला तर तेल नको, चुना नको, नळ सोडायचा आणि पाव तास पाण्याखालून हलायचं नाही, हे तो आता मलाच समजावून सांगायला लागला. "आंगोळ अर्धी टाकून उठाचा नाय," तो म्हणायचा. एका ड्रायव्हरने रेघेच्या आत विडी ओढत पाय टाकला तर मेस्तने त्याला असा झापला की तो बिचारा विडी खिशात विझवायला निघाला होता. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो, ते मी महिनाभर सांगत होते. मेस्तने एका वाक्यात सांगितलं, "होमकुंड हय नाय, शिरगावात."

एक अडचण राहिली होती. आवाजाची. नियमाने केलं तर "चर्र" होणार नाही, आणि "चर्र" झालं नाही तर वर्षाचा कौल कसा कळणार? कामगार कुरकुरत होते. मी मेस्तला बरणीच्या बाहेरून हात लावायला सांगितलं आणि काचेच्या कांडीने ढवळत, बारीक धार धरून ॲसिड पाण्यात सोडलं. थंड बरणी त्याच्या तळव्याखाली हळूहळू कोमट झाली. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. "ऊब इली," तो हळूच म्हणाला. "ओरडणा नाय. ऊब देता." झालं, कौल ठरला.

मी खुशीत होते. तालीम चार वेळा झाली, एकही चूक नाही. आणि खंडेनवमीच्या पहाटे उठले तर मी बाहेरची झाले होते.

मामी म्हणाली, आज पूजा आहे, तू घरात राहा. पडवीत चटई टाकलेली होती. मी चटईवर बसले, उठले, पुन्हा बसले. गेले नाही तर साहेबांची अट मोडणार आणि मेस्त प्लांटवर जाणार. गेले आणि गप्प राहिले, तर कोणाला कळलं नसतं. माझा स्वतःचा त्या गोष्टीवर काडीचा विश्वास नव्हता. पण मेस्तचा होता, आणि मी त्याच्याच विश्वासाचा शब्द घेऊन त्याला शिकवलं होतं. त्याला फसवून त्याच्या पूजेत उभं राहणं मला जमेना. शेवटी मामीला न सांगता मागच्या दाराने निघाले आणि बस पकडली.

वर्कशॉप सजलं होतं. टिपरांना झेंडूच्या माळा, पान्यांना हळदकुंकू. साहेब वेळेच्या आधी हजर होते. मेस्त एप्रन, गमबूट, चष्मा चढवून रेघेच्या आत उभा होता आणि मला बघून त्याचा चेहरा उजळला. मी रेघेबाहेर थांबले. त्याला जवळ बोलावलं आणि खाली बघत सांगितलं, "मेस्त, मी आज बाहेरची आहे. तुम्हाला चालत नसेल तर सांगा. मी साहेबांना काहीतरी सांगते."

काय सांगणार होते ते मलाही ठाऊक नव्हतं. मेस्तने चष्मा कपाळावर चढवला. मागे कामगार कुजबुजत होते, साहेब घड्याळ बघत होते. मला वाटलं, संपलं. त्याची खोली गेली, आणि दोन्ही वेळा माझ्यामुळेच.

"शिरगावात आसतंस," तो सावकाश म्हणाला, "तर तुका लांब रव म्हणान सांगितला असता. खोटा कित्या बोला?" मग त्याने गराफांवाकडे मान वळवली. "पण हय सोवळा तेचा. आणि तो फकत हात बगता, तूच सांगितलंस." खुंटीवरचे हातमोजे काढून त्याने माझ्यासमोर धरले. "हातमोजे घाल आणि ये."

मी घातले. रेघ ओलांडताना मला इतका आनंद झाला होता की तो कुठे ठेवू ते कळत नव्हतं.

नारळ या वेळी उंबऱ्यावर नाही, रेघेच्या पुष्कळ बाहेर फुटला. त्याचं पाणी सगळ्यांना तीर्थ म्हणून मिळालं, ॲसिडाला थेंब नाही. मग मेस्तने बरणीतलं पाणी मला दाखवलं, मी मान हलवली, आणि त्याने धार सोडली. केसाएवढी बारीक धार. मी कांडीने ढवळत होते. कोणी खोकलंसुद्धा नाही. अर्ध्यात तो थांबला, बरणी जास्त तापू नये म्हणून वाट बघितली, पुन्हा सोडली. शेवटी गराफांवाला बूच लावलं, बरणीवर झाकण ठेवलं आणि बाहेरून ती ओल्या फडक्याने दोनदा पुसून घेतली. मग हातगाडीवरून बरणी रेघेपाशी आणली.

एकेक कामगार पुढे आला. बरणीला तळवा लावायचा, हसायचा, आणि मेस्तच्या हुकमाने नळावर हात धुवायला जायचा. "ऊब आसा रे!" एकजण ओरडला, आणि मग सगळेच ओरडायला लागले. साहेबांनीही हात लावला, हसले, आणि न सांगता धुऊन आले. मी त्यांना आधी कधी हसताना बघितलं नव्हतं.

"मेस्त," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "ही खोली तुमची. तुम्ही रिटायर होईपर्यंत तुमची." आणि त्यांनी मेस्तशी हस्तांदोलन करायला हात पुढे केला.

मेस्तच्या उभ्या आयुष्यात कुठल्याही साहेबाने त्याच्यापुढे हात केला नव्हता. तो त्या हाताकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले. मग एकदम हातमोजे घातलेले दोन्ही हात वर करून तो दोन पावलं मागे सरला.

"थांबा, साहेब! शिवा नको." साहेब असले तरी हुकूम तो हुकूम. "आदी मोजे धुवचे. मगे काडूचे. मगे हात धुवचे. मगे."

तो नळाकडे गेला आणि सावकाश, बोटन् बोट धुवायला लागला. साहेब हात तसाच पुढे धरून थांबले.